त्याचं कोण करतं?

औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडलेल्या दोन कथा हिंगोली जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगाव्या लागत नाहीत. एक विसोबा खेचरांची. गुरूच्या शोधात नामदेव देवळात शिरतात, तर एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून पडलेला. नामदेव हटकतात. म्हातारा म्हणतो, अंगात त्राण उरलेलं नाही. जिथं देव नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव वाकतात, पाय उचलतात, दुसरीकडे ठेवतात, तर तिथंही पिंड. पुन्हा उचलतात, पुन्हा तेच. दुसरी कथा देऊळ फिरल्याची. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळासमोरून हटवलं, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देवळाचं तोंडच त्यांच्याकडे वळलं. पहिल्या कथेतून आपण देव चराचरात आहे हे शिकतो, दुसरीतून भक्तीचा महिमा. दोन्ही अर्थ ठीकच आहेत. पण पहिल्या कथेत नामदेवांना उमगतं ते नेमकं कोणत्या क्षणी, याकडे सहसा लक्ष जात नाही. उपदेश ऐकून, पटवून घेऊन मग त्यांनी पाय उचललेले नाहीत. स्वतःला हलता न येणाऱ्या माणसाचे पाय हातात आहेत, ते आता कुठं ठेवावेत ही पंचाईत आहे, आणि त्या पंचाइतीत त्यांना उमगतं. हात आधी, उमज मागाहून. दुसऱ्या कथेत माणसानं देवळाच्या तोंडाशी जुळवून घ्यायची रीत उलटते. देऊळच माणसाशी जुळवून घेतं. अपंगत्व, शुश्रूषा आणि सहवेदना यांविषयीच्या या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना सुरुवात शोधायला नामदेवांच्या नरसी-औंढ्याच्या पलीकडे जावं लागलं नाही. समज कुठून येते आणि बदलायचं कुणी, हे या विषयातले दोन थोरले प्रश्न तिथंच मांडून ठेवलेले आहेत.

या कामाला मराठीत अगदी साधं क्रियापद आहे. ‘सासूचं कोण करतं?’, ‘त्याचं सगळं आईलाच करावं लागतं’, ‘ती होती तोवर तिनं केलं, आता कोण करणार?’ काय करतं, असं उलटून कुणी विचारत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं: उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, घास भरवणं, गोधड्या धुणं, हगणं-मुतणं काढणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोन-तीनदा कूस बदलून देणं, फिट आली की उशाशी बसून राहणं. ‘करणं’ हे एरवी सकर्मक क्रियापद. इथं मात्र कर्म गिळून टाकलेलं असतं. मागे राहते ती फक्त षष्ठी, ‘त्याचं’, ‘तिचं’. या पुस्तकाचा विषय म्हणजे ते गिळलेलं कर्म. त्याच्याभोवती आपण दुसरे बरेच शब्द जमवले आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. कीव वरून खाली बघते. कणव पोटात दाटते आणि पुष्कळदा तिथंच राहते. सेवा हा शब्द उच्चारायला गोड असला तरी ती कुणी कुणाची करायची, हे आपल्या समाजात जातीनं आणि बाईपणानं आधीच ठरवून दिलेलं असतं. शुश्रूषा या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, या संस्कृत धातूचं ते इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकण्यापासून गुरूची सेवा आणि तिथून आजाऱ्याची देखभाल असा या शब्दाचा प्रवास झाला आणि वाटेत ऐकण्याचा भाग गळून पडला. तो परत मिळवता आला तर या विषयातली निम्मी भांडणं मिटतील, असं मला वाटतं. त्यातल्या मुख्य भांडणाकडे पुढे येणारच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. अपंग व्यक्तींबद्दल समाजानं संवेदनशील व्हावं, अशी आवाहनं ३ डिसेंबरच्या जागतिक दिनी दरवर्षी होतात. ती गृहीत धरतात की सहवेदना आधी मनात उपजते आणि मग हात कामाला लागतात. अनुभव याच्या उलट सांगतो. न बोलणाऱ्या मुलाचा कोणता हुंकार भुकेचा आणि कोणता दुखण्याचा, हे त्याचं करणाऱ्या माणसालाच कळतं; ते कळणं हातांतून आलेलं असतं. मग हे काम घरातल्या एकाच बाईवर लादलं गेलं, तर समज तिच्यापाशीच साठते आणि बाकीच्यांच्या वाट्याला फक्त कीव उरते. म्हणजे घर आणि गाव निर्दय असतं म्हणून काम वाटून घेत नाही, असं म्हणण्यापेक्षा, काम वाटून घेतलेलं नसतं म्हणून ते निर्दय राहतं, असं म्हणणं अधिक खरं. सहवेदना वाढवायची असेल तर श्रम वाटावे लागतील, आणि श्रम वाटायचे तर आधी त्यांना श्रम म्हणावं लागेल. भाषणांनी हे होणार नाही.

या प्रश्नाकडे आपल्याकडे कसकसं पाहिलं गेलं, याचा पट मोठा आहे. सगळ्यांत जुना आणि अजून न विरलेला थर कर्मविपाकाचा: मागच्या जन्मीचं, भोग आहे, भोगून संपवायचा. पण त्याच परंपरेत वेगळे सूरही आहेत. हातपाय नसलेला पैठणचा कूर्मदास सरपटत पंढरीला निघाला, लऊळपाशी थकला, तेव्हा विठ्ठलच तिथवर आला, अशी वारकऱ्यांची कथा आहे. औंढ्याचं देऊळ फिरलं त्याच जातीची. महानुभावांच्या गोविंदप्रभूंना ऋद्धपूरचे कित्येक लोक वेडे समजत. चक्रधरांनंतर नागदेवाचार्य, महदाइसा वगैरे मंडळी त्यांच्या सान्निध्यात राहिली आणि त्यांच्या लहरी सांभाळत राहिली. वेडा की अवतार, हा वाद विद्वानांचा. ताट वाढून मागे मागे फिरणाऱ्याला दोन्ही उत्तरांनी काम तेवढंच पडतं. हा थर इथं नमूद करतो तो परंपरेचं कौतुक करायला नव्हे. शनिशिंगणापूर असो की पंढरपूर, देवळाच्या पायरीवर भिकेला बसवलेला पांगळा माणूस हेही त्याच परंपरेचं चित्र आहे. दोन्ही चित्रं एकाच भिंतीवर टांगलेली आहेत, इतकंच.

दुसरा थर संस्थांचा. मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा १८८५ मध्ये निघाली, अ‍ॅना मिलर्ड यांनी अंधांची शाळा १९०० मध्ये सुरू केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा आली, पुण्यात १९६४ मध्ये कामायनी. कुष्ठरोग्यांसाठी अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. दयेच्या भाकरीऐवजी कष्टाची भाकरी, ही आनंदवनाची दृष्टी पुढच्या अनेकांनी उचलली. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळलं गेलं आणि त्यानंतर सरकारी अनुदानावरच्या विशेष शाळांची संख्या वाढत गेली. १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी राहिली. ती उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या, म्हणून ही तारीख मला इतर तारखांहून महत्त्वाची वाटते. ज्याचं करायचं त्यालाच विचारायचं, ही गोष्ट तिथून मराठीत ठामपणे सुरू झाली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आजही वाचलं जातं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना स्वतःचं नाव दिलं. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

या यादीतली गावं नकाशावर टिपली तर मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि विदर्भ भरून जातो आणि मधली मोठी जागा कोरी राहते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीत छावणी होती, पण छावणी असणं म्हणजे अंधशाळा असणं नव्हे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानं लातूर-धाराशिवकडे शेकडो माणसं एका रात्रीत अपंग केली, तेव्हा कुठं पुनर्वसन हा शब्द इकडे रुळला. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. तोवर जिल्हा पातळीवरचं प्रत्येक काम परभणीचं, आणि अपंग माणसाला एसटीत चढवणं-उतरवणं हेच एक काम. योगायोग असा की ज्या साली हा जिल्हा झाला त्याच साली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा झाला, त्याच साली केरळात मलप्पुरम भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करायचं जाळं विणायला घेतलं, आणि त्याच साली अमेरिकेत इव्हा किटे यांचं ‘लव्हज् लेबर’ प्रसिद्ध झालं. या चार गोष्टींची एकमेकींना खबर नव्हती. या पुस्तकानं त्या एका टेबलावर आणायचा प्रयत्न केला आहे.

किटे यांच्याकडे येण्याआधी विचारांच्या शाखा पाहायला हव्यात. वैद्यकीय दृष्टी सांगते की दोष शरीरात आहे आणि तो दुरुस्त करायचा. तिला नावं ठेवायची फॅशन आहे, पण पोलिओ तिनंच घालवला. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला. त्यामुळे कुबड्या घेऊन मोर्चे काढणारी, आंदोलनाची भाषा घडवणारी पिढी आता वयस्क होत चालली आहे आणि पुढच्या पिढीत बौद्धिक व बहुविध अपंगत्वाचं, पक्षाघाताचं, म्हातारपणाचं प्रमाण वाढतं आहे. हा बदल चळवळीनं अजून पुरता पचवलेला नाही. दुसरी शाखा सामाजिक दृष्टीची. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी मांडलं की शरीरातली उणीव वेगळी आणि पायऱ्या, कायदे, नजरा यांनी लादलेलं अपंगत्व वेगळं. माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये तिला सामाजिक प्रारूप असं नाव दिलं. अमेरिकेत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७२ मध्ये बर्कलेला स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. स्वातंत्र्य म्हणजे स्वतःच्या हातानं बूट घालणं नव्हे, बूट कुणी आणि कधी घालून द्यायचे हे स्वतः ठरवणं, ही त्यांची व्याख्या फार मोलाची आहे. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार याच विचारातून आला; भारतानं त्याला २००७ मध्ये मान्यता दिली आणि १९९५ च्या कायद्यातले सात प्रकार २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले.

तिसरी शाखा काळजीच्या नीतीची. कॅरॉल गिलिगन यांनी १९८२ मध्ये तिला तोंड फोडलं, जोन ट्रोंटो यांनी १९९३ मध्ये काळजीचे टप्पे सांगितले: लक्ष जाणं, जबाबदारी घेणं, काम नीट जमणं आणि ज्याचं केलं त्याचा प्रतिसाद ऐकणं. शेवटचा टप्पा वाचताना शुश्रूषेचा मूळ अर्थ आठवल्याशिवाय राहत नाही. किटे यांचं म्हणणं आणखी पुढचं. पूर्णपणे अवलंबून असलेल्या माणसाचं जो करतो, तो स्वतः त्यामुळे दुबळा होतो. त्याला कमावता येत नाही, आजारी पडता येत नाही, भांडून निघून जाता येत नाही. म्हणून करणाऱ्याचं करणारा कुणीतरी असणं ही न्यायाची अट आहे. यासाठी त्यांनी बाळंतिणीच्या सोबतिणीचं उदाहरण घेतलं, आणि इथं मराठी वाचक हसेल, कारण ही संस्था आपल्याकडे सुईणीच्या काळापासून चालत आलेली आहे. बाळंतीण माहेरी येते. ती बाळाचं करते आणि तिची आई तिचं करते. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना पाणी उचलायचं नाही. करणाऱ्याचं कुणीतरी करायचं असतं, हे तत्त्व आपल्याला अजिबात परकं नाही. आपण त्याला सव्वा महिन्याची मुदत घालून ठेवली आहे. ज्या बाईचं मूल पंचवीस वर्षांचं झालं तरी तिला त्याचे लंगोट बदलावे लागतात, तिच्यासाठी कुठलंच माहेर उरत नाही.

मराठी नाटक-सिनेमानं हे विद्वानांच्या आधी ओळखलं होतं. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुण मुलाचे आईबाप वाईट नाहीत, थकलेले आहेत, आणि थकवा प्रेमाचं काय करतो, हे ते नाटक न बिचकता दाखवतं. ‘चौकट राजा’नं १९९१ मध्ये घराघरांत डोळे पुसायला लावले, पण प्रेक्षकाला नायकापासून थोडं वरच्या पायरीवर ठेवूनच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांची वाट निराळी होती. ‘देवराई’त भावाच्या मनोविकाराइतकंच बहिणीच्या दमछाकीला महत्त्व आहे. ‘अस्तु’त विस्मरण झालेल्या पंडिताला एक परकी, गरीब माहुताची बायको समजून घेते ते तिनं अल्झायमरवर काही वाचलं म्हणून नव्हे, तर लेकराचं करायची हातांना सवय आहे म्हणून. माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

आता हिंगोलीकडे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख, त्यातले जवळपास ८५ टक्के खेड्यांत. महाराष्ट्रात अपंग व्यक्ती २९ लाख ६३ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या २.६४ टक्के. हेच प्रमाण पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याला लावलं तरी आकडा तीस हजारांवर जातो. आणि हे प्रमाण कमी मोजलेलं आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात, कारण जागतिक आरोग्य संघटना सोळा टक्क्यांबद्दल बोलते. यातल्या प्रत्येकाला कुणी ‘करणारं’ लागतं असं मुळीच नाही. पानटपरी चालवणारा, शाळेत शिकवणारा, वसमतच्या बाजारात हळदीचा भाव करणारा अपंग माणूस दुसऱ्याचं करत असतो. पण ज्यांना लागतं, त्यांच्या घरचं गणित शेतीच्या हंगामाशी बांधलेलं असतं. हळद काढणीला, शिजवायला, वाळवायला आल्यावर घरातला एकही हात मोकळा राहत नाही. कापूस वेचणीचं तेच. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं तर मुकादम ‘कोयता’ मोजतो तो नवरा-बायकोची जोडी म्हणून. त्या हिशोबात न चालणाऱ्या पोराला जागा नसते. मग ते म्हातारीपाशी ठेवलं जातं, आणि जिचं कुणी करायचं तीच दुसऱ्याचं करते. मळणी यंत्रात हात जाणं, अंगावरून वारं जाणं, लहानपणचा मेंदूज्वर या शेतकरी घरातल्या घटना आहेत. अपंगत्व इथं बाहेरून आलेला विषय नाही.

कायद्यानं काय दिलं? कागदावर बरंच. २०१६ च्या कायद्यानं काळजीवाहकाची व्याख्या केली आणि तीत पैसे घेऊन वा न घेता करणारे आईबाप व नातेवाईकही धरले. जास्त आधाराची गरज असलेल्यांना काळजीवाहक भत्ता द्यावा, असंही त्यात लिहिलं आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. तिची रक्कम २०२३ मध्ये पंधराशे झाली, पुढे दिव्यांगांसाठी अडीच हजार करण्यात आली. राज्यानं ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. पण बहुतेक तरतुदींचं तोंड एकाच दिशेला आहे: प्रमाणपत्र, ४० टक्के, साहित्यवाटप, तीनचाकी. वस्तू देता येते, मोजता येते, तिच्यासोबत फोटो काढता येतो. माणसाचा वेळ देता येत नाही, असं आपण धरून चाललो आहोत. केरळनं ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांना महिन्याला काहीशे रुपये द्यायला सुरुवात केली. रक्कम लाजिरवाणी आहे, पण ती ‘करणारी’च्या नावानं निघते, एवढ्यानंही चित्र हलतं. (दिव्यांग की अपंग, या वादात या संग्रहानं फारसा वेळ घालवलेला नाही, ते मला आवडलं. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवलेला शब्द कार्यालयांत रुळला. गावात अजून पांगळं, मुकं, येडं हेच ऐकू येतं. शब्द बदलल्यानं पायरीची उंची कमी झालेली नाही.)

या मांडणीवर आक्षेप येतील आणि त्यातला सगळ्यात जड आक्षेप अपंग चळवळीतूनच येईल. काळजी, देखभाल, ‘करणं’ ही सगळी भाषा अपंग माणसाला ओझं ठरवते, करणाऱ्याला नायक करते. आम्हाला कनवाळू हात नकोत, हक्क हवेत. जेनी मॉरिस यांच्यासारख्या अपंग स्त्रीवादी लेखिकांनी हाच आरोप काळजीवाहकांवरच्या लिखाणावर केला होता आणि तो बराचसा खरा आहे. आईच्या त्यागाची कहाणी रंगली की मुलगा त्यात नेपथ्यासारखा मागे उभा राहतो. माझं उत्तर एवढंच की हक्क मिळाल्यावरही पाठीवर जखम होऊ नये म्हणून कूस बदलायला रात्री कुणाचा तरी हात लागणारच. तो हात हुकूम चालवणारा असावा की ऐकणारा, हा खरा प्रश्न आहे. बर्कलेच्या कार्यकर्त्यांनी मदत नाकारली नव्हती, मदतीची सूत्रं हातात मागितली होती. आणि ज्यांना शब्दांत सूत्रं मागता येत नाहीत, त्यांच्या बाबतीत नकाराचा, पसंतीचा, कंटाळ्याचा इशारा ओळखणं हे कौशल्य आहे. ते त्यागानं येत नाही, झोप पुरी झालेल्या माणसाला येतं. थकलेला माणूस ऐकू शकत नाही. म्हणून करणाऱ्याची विश्रांती हा ज्याचं करायचं त्याचाही हक्क ठरतो. दोघांची बाजू इथं एक होते.

दुसरा आक्षेप घराघरांतला: आमच्याकडे माणसं टाकत नाहीत, कुटुंब आहे, त्याला पैशाचा आणि सरकारचा हात लावला की प्रेमाची मजुरी होईल. कुटुंब करतं हे खरंच आहे, पण कुटुंब म्हणजे कोण? केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ७६. आणि असं काही करणारे पुरुष मुळात बायकांच्या निम्मेच होते. स्वयंपाक-झाडलोट वेगळी. तेव्हा प्रेमाची मजुरी होईल ही भीती बुडालेल्या मजुरीकडे कानाडोळा करते. बाईनं शेतावरचा रोज सोडलेलाच असतो, तो फक्त कुणी मांडत नाही. शिवाय पैसे घेतल्यानं काम निर्दय होतं, हे आपण आशाताईंबद्दल, अंगणवाडीताईंबद्दल म्हणत नाही. तिथं उलट मानधन तुटपुंजं म्हणून हळहळतो. तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याला माझ्यापाशी पुरतं उत्तर नाही: जिथं पाऊसच भरवशाचा नाही आणि तालुक्याला फिजिओथेरपिस्ट मिळत नाही, तिथं काळजीवाहक भत्त्याच्या गप्पा कशाला? एवढं म्हणता येईल की मलप्पुरममध्ये सुरुवात पैशानं झाली नाही. आठवड्यातले काही तास देणारे शेजारी, त्यांना थोडं प्रशिक्षण, मागे एखादी परिचारिका आणि डॉक्टर, इतक्यावर ते उभं राहिलं. सावडीनं पेरणी करणाऱ्या, इर्जिक घालणाऱ्या मुलखाला आठवड्यातले चार तास वाटून घेणं कळणार नाही असं नाही. इर्जिकही आता कमी होत चालली आहे, हेही खरं.

या पुस्तकाचा आवाका त्यामुळे मुद्दाम लहान ठेवलेला आहे. अपंगत्वाचा इतिहास, कायद्याची मार्गदर्शिका किंवा प्रेरणादायी कहाण्यांचा गुच्छ, यांतलं काहीच ते होऊ पाहत नाही. एका जिल्ह्याच्या चौकटीत, हंगाम, स्थलांतर, देऊळ, दवाखाना आणि पंचायत यांच्या मध्ये ‘करणं’ कसं चालतं, कुणावर पडतं आणि कधी मोडतं, हे बघायचं आणि त्या बघण्यातून धोरणाचे प्रश्न उचलायचे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. करणारे आणि ज्यांचं केलं जातं ते, दोघांच्या बाजूनं ते विचार करतं. एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला गप्प बसवत नाही. आईबापांमागे काय, हा प्रश्न त्यात वारंवार येतो आणि राष्ट्रीय न्यासाची जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमू शकते, एवढ्या उत्तरानं त्याचं समाधान होत नाही. मनोविकारांचा भाग मला तोकडा वाटला. बंजारा तांडे आणि कळमनुरीकडचे आंध आदिवासी यांच्या घरांतली देखभालीची रीत वेगळी असू शकते, तिचा स्वतंत्र विचार पुढच्या कुणाला तरी करावा लागेल.

शेवटी एक सरकारी तपशील, कारण हे पुस्तक तिथंच बोट ठेवतं. २०११ च्या जनगणनेत प्रगणकानं प्रत्येक घरात विचारलं की कुणाला पाहण्यात, ऐकण्यात, बोलण्यात, हालचालीत अडचण आहे का, बौद्धिक अक्षमता किंवा मनोविकार आहे का. आठ प्रकारांचा तो रकाना भरला गेला. त्याच घरात, त्याच दिवशी, त्याचं सगळं करणाऱ्या बाईपुढे कामाचा रकाना आला. घरकाम आणि घरच्यांची देखभाल हे जनगणनेच्या व्याख्येत काम धरलं जात नाही, म्हणून तिची गणना ‘काम न करणारे’ या वर्गात झाली. आता पुन्हा जनगणना होते आहे. प्रगणक नरसीत येईल, सेनगावात येईल, वसमतच्या गल्लीत येईल, आणि ओसरीवर बसून नाव, वय विचारून झालं की कामाचं विचारेल. आतून, कुणाची तरी कूस बदलता बदलता, ती सांगेल: काही नाही, घरीच असते.